चौथे नाव

१

आमच्या घराचा एक क्रम आहे. सकाळी सव्वादहाला शालिग्राम बँकेत जातो, हेमलता कॉलेजात जाते, कुंदा बाजारहाट उरकते. अकराच्या ठोक्याला मी दार नुसते लोटून घेते, समोरच्या झुंबरबाईंना लक्ष ठेवायला सांगते आणि वाचनालयात जाते. सव्वाबाराला परत. धुळ्याच्या देवपुरात राहायला आल्यापासून, म्हणजे सोळा वर्षे, माझ्या या क्रमात फरक पडलेला नाही. म्हणून त्या एका दुपारी अकरा ते सव्वाबारा या वेळात घरात कोणीही नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकते. पुढचे काहीही मी इतक्या खात्रीने सांगू शकणार नाही.

शालिग्राम माझा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. कुंदा त्याची पत्नी. माहेर सावद्याचे, घरी केळीचे मळे. हेमलता ही त्यांची एकुलती एक मुलगी, त्या वर्षी एकोणीस वर्षांची, प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी अविवाहित. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आणि यांच्याकडे राहिले. घरातले सर्व पत्रव्यवहार, अर्ज आणि याद्या माझ्या हातच्या असतात. माझे अक्षर चांगले आहे आणि चुका मला खपत नाहीत, असे मंडळी म्हणतात. त्यात तथ्य होते.

एक्याण्णवच्या दिवाळीनंतर बेटाचा विषय निघाला. बँकेकडून शालिग्रामला सहकुटुंब प्रवासाची सवलत मिळाली होती. तो तिरुपती म्हणत होता. हेमलताने दंतवैद्याकडच्या कॅलेंडरवरचे एक चित्र कापून आणले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवले. अंदमानातले एक लहानसे बेट, वस्ती जवळजवळ नाही, आणि पाणी असे की तळाशी पडलेली सुई दिसावी. तेथे डोळ्यांना काचेचा चष्मा लावायचा, श्वासाची नळी तोंडात धरायची, पाण्यावर पालथे पडायचे आणि खालचे पोवळ्यांचे रान पाहायचे. पुस्तकात मेलेले, स्पिरिटमध्ये बुडवलेले जीव पाहून ती कंटाळली होती. तिला ते जिवंत पाहायचे होते. महिनाभर तिने बापाला दुसरे काही बोलू दिले नाही. शेवटी तिरुपती मागे पडले.

अडचण कुंदाने काढली. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, निघायचेच असेल तर एक दगड बरोबर घ्यावा आणि त्याला चौथा म्हणावे. ही चाल सगळ्यांना ठाऊक असते. माझा तिच्यावर विश्वास नव्हता; पण करायचेच असेल तर नीट करावे, असे मी म्हटले. निघताना गटारीकाठचा खडा उचलण्यापेक्षा चांगला धुतलेला दगड आधीच आणून ठेवावा. हेमलताने एकवीरेच्या देवळाखाली पांझरेच्या पात्रातून एक आणला. काळा, गुळगुळीत, नारळाएवढा. आकाराच्या मानाने जरा जड होता. तो पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवला.

त्या संध्याकाळी मी प्रवासाची यादी केली. बेटावर उतरायला आधी परवानगी लागे. ती काढून देणारी, बोट आणि मुक्काम ठरवणारी एक खाजगी प्रवास-संस्था पोर्ट ब्लेअरला होती. तिच्या अर्जासाठी मी कच्ची नावे लिहिली. एक शालिग्राम, दोन कुंदा, तीन हेमलता. मग, मी आयुष्यात विनोद फारसे केलेले नाहीत, पण त्या दिवशी सर्वांचा उत्साह पाहून मला काय वाटले कोण जाणे, मी शिसपेन्सिलीने खाली लिहिले: चार, दगडू.

कुंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. "घरधनीच शाळिग्राम," ती म्हणाली. "चौथा दगडू निघाला तर नवल कसलं, अक्का?"

२

कच्चा कागद शालिग्रामने बँकेत नेला. तेथे टंकलेखन करून अर्ज त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने जायचा होता. संध्याकाळी त्याची कार्बन प्रत घरी आली. मी चष्मा लावून ती तपासली. चारही नावे टंकलिखित होती. दगडू, पुरुष. वयाच्या रकान्यात बावन्न. नात्याच्या रकान्यात कुटुंबीय.

मी शालिग्रामला बोलावून विचारले. तो ओशाळला. त्याने कागद न पाहता शिपाई मोतीलालच्या हाती दिला होता. दगडू, धोंडू ही आपल्याकडे चांगली रुळलेली माणसांची नावे; नवसाची मुले जगावीत म्हणून ठेवलेली. टंकलेखकाला दगडू नावाचा कोणी असेल असे वाटले, यात त्याची चूक नव्हती. चूक माझ्या पेन्सिलीची होती. पण मी वय लिहिले नव्हते. शालिग्रामने सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल काही कागद घेऊन घरी आला, तेव्हा मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि वय कोठून आले ते विचारले. हा मोतीलाल सोनगीरकडचा, वयस्क, सरळ मनुष्य. त्याला प्रश्नाचे आश्चर्य वाटले. टंकलेखकाने रकाना रिकामा आहे म्हणून त्याला आमच्याकडे पाठवले होते. तो साडेअकराला आला. दार लोटलेले होते. त्याने बाहेरूनच विचारले.

"आतमधून आवाज उना ना, अक्का," तो म्हणाला. "मी इचारं, दगडूभाऊनं वय काय? तर म्हने, बावन्न. मंग इचारं, नातं काय लिखू? तर म्हने, घरनाच शे."

कोणाचा आवाज होता, असे मी विचारले. त्याने बशीतला चहा संपवला. पुरुषाचा होता, म्हणाला. बसका. जसे काही तोंडात पान असावे. त्याला वाटले, दगडूभाऊ स्वतःच असतील.

मी झुंबरबाईंना विचारले. त्या दिवशी अकरा ते सव्वाबारा त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मोतीलालला येताना आणि जाताना पाहिले होते. दुसरे कोणी आले नव्हते, दुसरे कोणी बाहेर पडले नव्हते.

मी स्वतःची समजूत घातली. शेजारच्या घरातला रेडिओ असेल. मोतीलालचे कान असतील. रकाना भरून मोकळे व्हावे म्हणून त्याने मनाने सांगितले असेल. तिन्ही कारणे पटण्यासारखी होती, आणि एक पुरेसे असताना मी तीन शोधली, हे माझ्या लक्षात आले.

चूक दुरुस्त करणे मात्र माझ्या हातात होते. त्याच दुपारी मी संस्थेला इंग्रजीत पत्र लिहिले. ते नाव पुन्हा लिहिणे मला प्रशस्त वाटेना. एका निवृत्त शिक्षिकेने एका दगडाचा उल्लेख नावाने करावा, आणि तोही अनोळखी कचेरीला, याची मला लाज वाटली. म्हणून मी लिहिले: यादीतील चौथे नाव नजरचुकीने पडले आहे, ते कृपया वगळावे. खाली सही केली. पत्र मी स्वतः पेटीत टाकले.

३

डिसेंबरात शालिग्रामच्या एका स्नेह्याने मुंबईहून चष्मे आणि नळ्या आणल्या. तीन जोड. काळ्या रबराचा चष्मा, पुढे जाड काच, आणि वर वळवलेली हातभर नळी. संस्थेच्या माहितीपत्रात लिहिले होते की नवख्या माणसांनी आधी घरीच नळीने श्वास घेण्याची सवय करावी. मग संध्याकाळी पुढच्या खोलीत हा कार्यक्रम चाले. शालिग्राम तोंडात नळी धरून वर्तमानपत्र वाची. त्या श्वासाचा आवाज विलक्षण असतो. आत घेताना पोकळ, बाहेर सोडताना ओला. दूर कोठे कोणी जाते ओढत आहे आणि मध्येच थांबत आहे, असे वाटे. कुंदा म्हणे, हा आवाज झोपेत ऐकला तर मी माहेरी निघून जाईन.

दगडू हा शब्द आता घरात रुळला होता. आज दगडूभाऊंना ऊन लागले, दगडूभाऊंना पोहता येते का विचारा. मीही हसत असे. आठवड्याभरात कुंदाने 'भाऊ' म्हणताना हसणे सोडले. मला ते नंतर आठवले.

एका सोमवारी मला पडसे होते म्हणून मी वाचनालयात गेले नाही. मधल्या खोलीत पडून होते. साडेअकरा झाले असतील. पुढच्या खोलीतून नळीचा श्वास ऐकू आला. शालिग्राम लवकर आला असेल, असे मला वाटले. मी हाक मारली. श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, पोकळ आणि ओला.

मी उठून गेले. खोलीत कोणी नव्हते. तीनही नळ्या कपाटात होत्या. मी उघडून पाहिल्या, कोरड्या होत्या. खिडकीतल्या दगडाखाली पाण्याचे गोल ओले कडे होते. धुतला असेल कोणी. संध्याकाळी मी तिघांनाही विचारले. कोणी धुतला नव्हता. शालिग्राम म्हणाला की पडशात कान भरतात आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. हे खरे आहे. मी ते वैद्यकाच्या एका पुस्तकात वाचलेही आहे.

४

परवानगीचे पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले. शालिग्राम बँकेत होता, म्हणून मीच पाकीट उघडले. फेब्रुवारीच्या सोळा तारखेचे मद्रासहून जहाज, बेटावर चार दिवस. माणसे तीन. खाली नावे होती.

शालिग्राम. दगडू. कुंदा.

मी कागद टेबलावर ठेवला, पाणी प्याले आणि पुन्हा वाचला. सोबत माझ्या पत्राचा हवाला होता: आपल्या विनंतीनुसार चौथे नाव वगळले आहे. आणि मूळ यादीची त्यांची प्रत. त्यांच्या कचेरीची पद्धत अशी की आधी पुरुष लिहायचे, मग स्त्रिया. शालिग्राम, दगडू, कुंदा, हेमलता. चौथे नाव हेमलताचे होते. कोणाचीही चूक नव्हती. माझ्या सुवाच्य अक्षरात, माझ्या सहीने, मी तिला वगळले होते.

हेमलता कॉलेजातून आली तेव्हा मी तिला आधी सांगितले, कारण तो माझा दोष होता आणि तो मीच सांगायला हवा होता. ती हसली. मला म्हणाली, "अक्का, तुमच्याकडून चूक झाली? पेढे वाटा." मग तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. तिने विचारले, हा बावन्न वर्षांचा मनुष्य पोर्ट ब्लेअरला उतरलाच नाही, तर ते कोणाला मोजतील? मी म्हटले, तार करू, सगळे ठीक होईल.

तार केली. शालिग्रामने केली, असे तो म्हणाला. उत्तर आले की बोटीत तीनच जागा आहेत, आणि त्या भरल्या आहेत. मार्चअखेरपर्यंत बदल होणार नाही. मला वाटले होते, घरात आकांत होईल. हा सगळा बेत त्या मुलीचा. पण कुंदाने तारेचा कागद वाचून घडी घातली आणि म्हणाली की फेब्रुवारीत हिची प्रॅक्टिकलं असतातच. शालिग्राम म्हणाला, हो, तेही आहे. जसे काही भाजी संपली म्हणून वरणावर भागवायचे ठरले.

हेमलता माझ्याकडे पाहत होती. तिची प्रॅक्टिकल्स मार्चमध्ये होती. हे सर्वांना ठाऊक होते.

५

संक्रांतीला आम्ही सावद्याला गेलो. कुंदाचा भाऊ जीवराम याच्या मळ्यात पायऱ्यांची जुनी विहीर आहे. संस्थेने सुचवले होते की निघण्यापूर्वी संथ पाण्यात एकदा सराव करावा, आणि धुळ्यात इतके खोल, स्वच्छ पाणी कोठून आणणार? हेमलता याच विहिरीत पोहायला शिकली होती. जायचे नाही तर निदान विहिरीत तरी चष्मा लावीन, असे ती म्हणाली. मी तिला अडवले नाही.

कुंदाने दगड बरोबर घेतला होता. पिशवीत घालून, मांडीवर ठेवून तिने तो बसमधून आणला. मी विचारले, सावद्याला कशाला? ती म्हणाली, तिघे कसे जायचे? मी म्हटले, आपण चौघे आहोत, कुंदा. मी, तू, शालिग्राम आणि हेमलता. तिने होकारार्थी मान हलवली आणि खिडकीबाहेर केळीचे मळे पाहू लागली.

दहा वाजले असतील. ऊन चांगले होते. थंडीत विहिरीचे पाणी कोमट असते. त्यावरून बारीक वाफ निघत होती. मी वरच्या पायरीवर छत्री उघडून बसले. कुंदाने दगड विहिरीच्या भिंतीतल्या दिवळीत ठेवला, पाण्यापासून दोन हातांवर. मग तिघेही पाण्यात उतरले. मी दुसरीकडे पाहिले, कारण कुंदा लुगडे खोचून पाण्यात होती आणि सासरच्या माणसाने तिला तसे पाहावे, हे तिला आवडले नसते. मला फक्त आवाज ऐकू येत होता. शिंपणे, हसणे, खोकणे. मग शांतता, आणि विहिरीच्या भिंतींत घुमणारा नळ्यांचा श्वास.

मी वळून पाहिले. पाणी हिरवे आणि सपाट होते. त्यावर तीन नळ्या उभ्या होत्या. मला बरे वाटले. तिघेही कसे शिस्तीने पालथे पडले आहेत, असे मनाशी म्हणत मी मोजले. एक, दोन, तीन.

"अक्का, माझ्या चष्म्यात पाणी जातं," माझ्या मागे हेमलता म्हणाली.

ती माझ्या मागच्या पायरीवर बसली होती. केस पुसून झाले होते, खांद्यावर टॉवेल होता. चष्मा आणि नळी तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, मी केव्हाची बाहेर आले.

मी पुन्हा मोजले. मग दिवळीकडे पाहिले. तेथे फक्त ओले कडे होते.

मी का उठले हे मला सांगता येणार नाही. मला वाटते, मला खात्री करून घ्यायची होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या होत्या. मी हेमलताच्या मांडीवरचा चष्मा घेतला, भिंतीला धरून पाण्यापर्यंत उतरले आणि काच पाण्याच्या पृष्ठावर टेकवली. माहितीपत्रात लिहिले होते त्याप्रमाणे हिरवेपणा एकदम नाहीसा झाला आणि खालचे सारे स्वच्छ दिसू लागले.

शालिग्रामचे पाय दिसले, कुंदाचे दिसले, पांढुरके, हलणारे. तिसऱ्या नळीखाली कोणी तरंगत नव्हते. नळी सरळ खाली गेली होती, हातभर नव्हे, पुष्कळ, आणि जेथे विहिरीचा तळ असायला हवा तेथे तिच्या टोकाशी कोणी उभे होते. तोंड वर करून.

मी काच उचलली.

वर आल्यावर मी जीवरामला विचारले, विहिरीत पंपाचा पाइप सोडला आहे का. तो म्हणाला, सोडला आहे ना. मला हायसे वाटले. मग त्याने बोट करून दाखवले. पाइप समोरच्या भिंतीला होता, लाल रंगाचा, साखळीने बांधलेला.

६

दुपारी जीवरामची बायको बेबाबाई आम्हाला बोलवायला आली. म्हणाली, "चला, जेवाले बसा. पानं वाढली." ओसरीवर जीवरामचे, शालिग्रामचे, कुंदाचे आणि माझे, अशी पाने मांडली होती. एक पान अधिक होते, कुंदाच्या उजव्या हाताला. हेमलता त्यावर बसायला गेली, तर कुंदा म्हणाली, "तिथे नको."

बेबाबाईने तोंडाला पदर लावला आणि धावत जाऊन आणखी एक पान आणले. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्या ध्यानातच राहिलं नाही, काय झालं मला? तिला खरोखरच वाईट वाटत होते. तिचे काही चुकले नव्हते. हेमलताच्या जन्मापासून तिने तिला मांडीवर खेळवले होते.

ते अधिकचे पान तसेच मांडलेले राहिले. वरणभात, तीळगूळ, वांग्याचे भरीत. जेवण संपेपर्यंत मी तिकडे पाहायचे नाही असे ठरवले होते आणि पाहिले नाही. पाने उचलताना बेबाबाई पुटपुटली, हे कोणी जेवलं?

परतीच्या बसमध्ये हेमलता माझ्याजवळ बसली. कंडक्टरने शालिग्रामला किती तिकिटे विचारली. शालिग्रामने मागे वळून पाहिले, आमच्या दोघींकडे, आणि चार म्हणाला. पण त्याने आधी बोटाने मोजले, आणि माझ्यापाशी येऊन त्याचे बोट थबकले आणि परत कुंदाच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेले.

"अक्का," हेमलता हळूच म्हणाली, "मी दिसते ना तुम्हाला?"

मी तिला म्हटले, वेड्यासारखे बोलू नकोस. मग म्हटले, दिसतेस, हेमलता. त्या दिवसापासून मी तिला दर वाक्यात नावाने हाक मारू लागले. हेमलता, जेवलीस का. हेमलता, दार लाव. कॉलेजात तिची हजेरी दोन दिवस राहून गेली तेव्हा मी स्वतः प्राचार्यांना भेटले आणि तिचे नाव त्यांच्याकडून लिहवून घेतले. ते लिहिताना मी अक्षरांवर नजर ठेवून होते.

शालिग्रामशी मी दोनदा बोलले. प्रवास रद्द कर, असे म्हटले. माझी चूक आहे, जे नुकसान होईल ते मी सोसते. तो शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अक्का, आम्ही तिघंच तर आहोत. आमच्या तिघांत तुमचं कसलं नुकसान?" त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो मला समजावत होता.

खिडकीतला दगड त्या दिवशी जागेवर नव्हता. कोठे आहे हे मी विचारले नाही. पुढच्या खोलीत आता मी जात नसे; तेथून दिवसभर तो पोकळ आणि ओला श्वास येई, आणि घरात तो ऐकून कोणी मान वर करीत नसे.

७

मद्रासची गाडी जळगावहून होती. मी म्हटले, मी सोडायला येते. हेमलता म्हणाली, मीही येते. तिला घरी एकटी ठेवणे मला शक्यच नव्हते. तिने निळा पोशाख घातला होता, गर्दीत उठून दिसावा म्हणून मी तो काढून दिला होता.

धुळ्याहून आलेली बस उशिरा पोहोचली. आम्ही फलाटावर आलो तेव्हा गाडी उभी होती. शालिग्राम सामान चढवीत होता. त्याने तीन ट्रंका चढवल्या. दोनच आणल्या होत्या, असे मला वाटले. पण सामान मी बांधले नव्हते आणि खात्री देता येत नाही. मग तो खिडकीशी बसला, उठला आणि आत सरकला. सरकताना त्याने, कोणी वृद्ध नातेवाईक बसत असताना आपण धरतो तसा, हवेत हात धरला. खिडकीजवळच्या बाकाचे रेक्झिन हळूहळू खाली दबले.

मी हेमलताचा हात घट्ट धरला होता. मला हवे होते की तिच्या आईने तिला एकदा हाक मारावी. माझी एवढीच अपेक्षा होती. परवानगी, बेट, माझी सही, कशाबद्दलच मला आता काही म्हणायचे नव्हते. फक्त एकदा, नावाने.

कुंदा दारात आली. तिने माझ्या पायांना हात लावला, नेहमीप्रमाणे, नीट वाकून. उठताना तिची नजर हेमलताच्या निळ्या पोशाखावरून गेली, जशी ती मागच्या पाण्याच्या नळावरून गेली आणि वजनकाट्यावरून गेली.

"अक्का," ती काळजीने म्हणाली, "उन्हाच्या एकट्या कशा जाल? रिक्षा करा हं, चालत जाऊ नका."

"एकटी नाही," मी म्हणाले. "हेमलता आहे माझ्याबरोबर."

गाडीने शिट्टी दिली. हेमलता "आई" म्हणाली. मी ऐकले, अगदी स्पष्ट ऐकले. कुंदाने मी दाखवले तिकडे पाहिले. ती चांगली सून आहे, मी काही दाखवले तर ती नेहमी पाहते. तिने पाहिले, तेथून माझ्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"बरं, अक्का," ती म्हणाली. वयाने भ्रमलेल्या माणसाला म्हणतात, त्या स्वरात.

गाडी सुटली. शालिग्रामने हात हलवला, कुंदाने हलवला. त्यांच्यामध्ये खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली आणि विरली, पुन्हा धरली आणि विरली, सावकाश, कोणी तोंडाने श्वास घेत असावे तशी.

शेवटचा डबा पुढे गेला तरी मी मान वळवली नाही. माझ्या हातात हात होता. तो ऊबदार आहे की माझाच घाम आहे, हे मला कळेना. मग मी अंगठ्याने त्याची बोटे मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि मोजता मोजता तिला नावाने हाक मारीत राहिले, फलाटावरची माणसे वळून पाहू लागली तरीही.